वसंताच्या स्लॅबवरचा डबा

'स्वार्थी' ही शिवी आहे हे कापगते सरांना उभ्या जन्मात पटलं नाही. तुमसरच्या आमच्या कॉलेजात कोणी नाक मुरडून म्हणालं, की अमका फार स्वार्थी आहे हो, की सर चहाचा कप खाली ठेवायचे, खुर्ची पुढे ओढायचे आणि अगदी मनापासून विचारायचे, "त्याचं काय जाते? त्याले काय भेटते?" झालं! चुगली करणाऱ्याची सगळी मजाच जायची. बिचारा आला असायचा जरा मन मोकळं करायला आणि सर त्याला गणिताला बसवायचे. स्टाफरूममध्ये त्यामुळे त्यांच्या शेजारची खुर्ची बहुतेक रिकामीच असायची. मला ती आवडायची.

मी आधी त्यांची विद्यार्थिनी, नंतर त्याच विभागात सहकारी. पण त्यांनी मला नावानं हाक कधी मारली नाही. मी मोहाडीहून यायची म्हणून मी 'मोहाडी'. वर्गात एक 'देव्हाडी' होता, एक 'सिहोरा' होती. माझं लग्न होऊन सासर तुमसरचं झालं, तेव्हा मी म्हटलं, सर, आता तरी नाव बदला. तर म्हणाले, जागा बदलली तरी मशीनचा मूळ नंबर बदलत नसतो. असे विनोद करून स्वतःच हसायचे आणि हसताना चष्मा नाकावरून घसरायचा. चष्म्याची काडी नेटवर्कच्या निळ्या वायरनं बांधलेली. छत्रीची मूठ त्याच वायरनं. घरी कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा तीच. काकूंनी एकदा माझ्यासमोरच विचारलं होतं, की मंगळसूत्र तेवढं सोन्यात ठेवलं, हे उपकारच म्हणायचे ना?

सर शिकवायचे कॉम्प्युटर नेटवर्क. इतर मास्तर वायरीचे प्रकार सांगायचे, सर माणसांचे सांगायचे. त्यांचं म्हणणं असं, की या सगळ्या जाळ्याला मालक नाही. हजारो लोकांनी आपापल्या फायद्यासाठी आपापली वायर शेजाऱ्याला जोडली, कोणी कोणाची परवानगी घेतली नाही, कोणाला जगाचं भलं करायचं नव्हतं, आणि तरी तुमसरात लिहिलेलं कुठल्याकुठे पोचतं. याचं त्यांना रोज नव्यानं नवल वाटायचं. मला त्यांच्या नवल वाटण्याचंच नवल वाटायचं. तीस-पस्तीस वर्षं तोच धडा शिकवणाऱ्या माणसाचे डोळे असे लकाकतात का कुठे?

एकदा त्यांनी अख्खा वर्ग तुमसर रोडच्या रेल्वे फाटकावर नेला. फाटक बंद होतं. बघता बघता मोटरसायकली, स्कूटर, धानाच्या पोत्यांचे ट्रॅक्टर येत गेले आणि डावी बाजू सोडून रस्ताभर पसरले. पलीकडेही तसंच. गाडी गेली, फाटक वर झालं आणि दोन्हीकडचे एकमेकांच्या छातीवर येऊन थांबले. हॉर्न, आरडाओरडा, कोणी हलेना. आम्ही हसत होतो. सर म्हणाले, "हसू नका. यातला एकही येडा नाही. एकट्यानं मागं राहून पाहा, तुम्हीच शेवटी जाल. प्रत्येक जण शहाणा आहे, म्हणूनच सगळे अडकून राहिले." मग आम्हाला समजावलं, की याला शास्त्रात नाव आहे. एकटा हलला तर तोट्यात जातो, सगळे मिळून हलले तर सुटतात. पण एकदम हलवणार कोण? ते काम नियमाचं. माणसाला उपदेश करू नका, म्हणाले, नियम असा करा की स्वतःचं भलं करायला निघालेला माणूस जाता जाता दुसऱ्याचंही करून जाईल. आम्ही ते वहीत उतरवून घेतलं. परीक्षेत आलंही.

सर रिटायर झाले आणि आपल्या गावी राहायला गेले. सिहोऱ्याच्या पलीकडे, मोठ्या तलावाच्या काठचं गाव. गाव तलावाच्या पाळीच्या, म्हणजे बांधाच्या, अलीकडे, आणि तलावाला वळसा घालून पलीकडे खोलगटात वीसेक घरांची टोली. सरांचं घर टोलीत, तेही अगदी शेवटचं. आणि गाव नि टोली यांच्या मधोमध, पाळीजवळच्या उंचवट्यावर, त्यांच्या धाकट्या भावाचं, वसंताचं घर. आजूबाजूला सगळी कवेलूची, कौलारू घरं, वसंताचा तेवढा स्लॅब. हे घर लक्षात ठेवायचं, कारण पुढचं सगळं त्या स्लॅबवर घडलं.

कोरोनाच्या साली शाळा मोबाईलवर आली, तेव्हा टोलीत फोनला रेंजची काडीही दिसत नव्हती. पोरं तासासाठी पाळीवर जाऊन उन्हात बसायची. सरांना तेच पाहिजे होतं असं मला वाटतं. म्हणजे पोरांचं ऊन नव्हे, शिकवलेलं करून पाहायची संधी. त्यांनी गावाच्या टोकाला एक कनेक्शन घेतलं आणि घराघराच्या छतावर एकेक डबा लावला. प्रत्येक डबा आपल्या घराला नेट देणार आणि पुढच्या घरालाही ढकलणार. साखळीच म्हणा ना. सरांना फक्त एक पाहिजे होतं: नेट टोलीच्या शेवटच्या घरापर्यंत पोचलं पाहिजे, आणि सर मेल्यावरही पोचत राहिलं पाहिजे.

यात त्यांच्या घराण्याचा वारसा होता. त्यांचे आजोबा तलावाचे पाणकर. पाणकर म्हणजे तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, किती वेळ सोडायचं हे ठरवणारा माणूस. आणि त्या गावाचा रिवाज असा, की पाणकराची स्वतःची बांधी सगळ्यात शेवटी असायची. वरच्या सगळ्यांचं भागल्याशिवाय पाणकराचं धान भिजणारच नाही. मग तो कशाला मधे पाणी अडू देईल? सर हे सांगताना आजोबांचं कौतुक करत नसत, नियमाचं करत. म्हणून त्यांनी स्वतःचा डबा साखळीत सगळ्यात शेवटी जोडला. मीच पाणकर, म्हणाले. सगळ्यांना पोचलं तरच मला पोचेल.

पहिल्याच महिन्यात व्हायचं ते झालं. आपलं काम झालं की लोक डबा बंद करायचे. आपलं नेट दुसरा ओढते, ही भीती. सरांनी कोणाला एक शब्द सुनावला नाही. नियम बदलला. ज्याच्या डब्यातून दुसऱ्यांचं जास्त नेट जाईल, त्याला स्वतःला जास्त स्पीड. आणि काय सांगू, गावाचा रागरंगच फिरला! एक म्हातारी शेजारणीच्या दारात जाऊन विनवायला लागली, की माझ्या नातीचा पेपर आहे बाई, तू जरा माझ्या डब्यावरून एखादा सिनेमा पाहा ना. एका पोट्ट्यानं तर आपलेच दोन फोन दिवसभर एकमेकांशी बोलते ठेवले आणि फुकटात स्पीड कमावला. मी म्हटलं, हा भामटा निघाला. सर खुशीत होते. त्याला बोलावून पोहे खाऊ घातले, पळवाट समजून घेतली, बुजवली, आणि पुढची कुठे आहे ते शोधून सांग म्हणून त्यालाच कामाला लावलं.

या साखळीत वसंताचा डबा म्हणजे नाक. गावातून टोलीकडे जायला तीच एक उंच जागा. वसंताला त्याचा अभिमानही होता. आल्यागेल्याला स्लॅबवर नेऊन डब्यावरचा हिरवा दिवा दाखवायचा, की माह्या दादानं लावला, सारी टोली माह्या डोक्यावरून चालते. शिकलेला मोठा भाऊ आणि शेती करणारा धाकटा. दोघांचं चांगलं होतं.

मग आली ती मोजणी.

दोघा भावांच्या बांध्या लागून होत्या. मधला धुरा, म्हणजे शेताचा बांध, दरवर्षी जरा जरा सरांच्या बाजूला सरकत आला होता. आता हे धानाच्या मुलखात कोणाला नवं आहे? चिखल होते, धुरा नव्यानं बांधतो, कुदळ जराशी इकडे पडते. सर रिटायर होऊन शेतावर जायला लागले तेव्हा त्यांच्या नजरेत आलं. त्यांना जमिनीचं काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगीन. त्यांना भांडण नको होतं. आणि भांडण नको म्हणून त्यांनी जे आयुष्यभर केलं तेच केलं: माणसाला काही न बोलता नियम आणला. मोजणीचा अर्ज टाकला. एक दिवस मोजणीवाले यंत्र घेऊन आले, गाव गोळा झालं, खुणा रोवल्या, आणि रेघ वसंताच्या बांधीत आली. सरांचं बरोबर निघालं. ते भावाला सांगायलाही गेले, की ही जागा तूच ठेव, मला फक्त रेघ पक्की करायची होती.

वसंता सगळ्यांसमोर एवढंच म्हणाला, "दादा, एका शब्दानं बोलला असता तं मी त्याच दिवशी धुरा मोडून देला असता. मोजणी कायले आणली? मी चोर होय का?"

दुसऱ्या दिवशी स्लॅबवरचा हिरवा दिवा विझलेला होता.

टोलीचं नेट गेलं. पण वसंताचंही गेलं ना! त्याची स्वतःची नात बारावीला, ती फोन घेऊन पुन्हा पाळीवर जाऊन बसायला लागली. सरांना वाटलं, चार दिवस. आठवडे गेले. त्यांनी नियम बदलला, मधल्या डब्याला दुप्पट स्पीड. दिवा लागला नाही. विजेचा खर्च नको म्हणून बॅटरी पाठवली. वसंतानं ती पुसून, नीट बांधून, आणणाऱ्याच्याच हाती परत पाठवली. एका रविवारी मी गेले तर सर अंगणात खाटेवर कागद पसरून बसलेले. मला म्हणाले, "मोहाडी, हे बसूनच नाही राहिलं. त्याचंही नुकसान होऊन राहिलं, तरी तो बंद ठेवते. माह्या गणितात स्वार्थ आहे. राग नाही."

मला राग आला. सरळ म्हटलं, सर, गणित राहू द्या, समोर ते घर दिसतंय, जा आणि बोला. फाटकावरचं तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला? सर म्हणाले, बोलून चालू झालं तर ते त्याच्या मर्जीवर राहील. उद्या मर्जी फिरली की टोली पुन्हा अंधारात. मर्जीवर चालणारं नेट मला नको. त्यांना हे खरंच असं वाटत होतं, की जाववत नव्हतं म्हणून हे सुचत होतं, मला आजही कळत नाही. पण आतून काकूंचा आवाज आला, "अवो, मर्जीवरच तं मी या घरात राहून राहिली इतके वर्सं."

सरांनी कागद गोळा केले.

पुढच्या महिन्यात त्यांनी वसंताचं घर टाळून तलावाच्या संपूर्ण पाळीवरून वळसा घेतला. बांबूंवर डबे बांधले, एक मोहाच्या झाडावर चढवला. जिथे एका डब्यानं भागत होतं तिथे ओळच लागली. वारा आला की बांबू फिरायचे, वानरं वायर ओढायची, आणि सत्तरीला टेकलेला हा माणूस शिडी खांद्यावर घेऊन पाळीवर जायचा. वसंता आपल्या ओसरीतून बघत असायचा. दोघंही एकमेकांना दिसत होते. नेट यायचं, पण रडतखडत. टोलीचे लोक सरांच्या मायेपोटी काही बोलत नव्हते, इतकंच.

मला राहवलं नाही. एकदा परतताना वसंताच्या घरी गेले. वसंतानं खाट टाकली, चहा मांडायला लावला, आणि पहिला प्रश्न हा विचारला, की दादाची खोकली कशी आहे? म्हटलं, तुम्हीच जाऊन बघा. तर तो जमिनीकडे बघत म्हणाला, "बाई, मले नेटचं काय करायचं आहे? लायनपणी तो मले 'वश्या' म्हणून हाक मारे, तं तलावाच्या त्या कडेपासून आयकू ये. तशी एक हाक मारू दे. आत्ता दिवा लावतो."

मी तशीच मागे फिरले आणि सरांना शब्दाला शब्द सांगितलं. सरांनी विचारलं, असं म्हणाला? पुन्हा विचारलं. मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, धान कापून होऊ दे, मग जातो. कापणीच्या दिवसांत त्याच्या घरी गडबड असते, निवांत बसणं होणार नाही. त्यांचा चेहरा इतका हलका मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. मी गाडीवर गुणगुणत घरी आले. मला वाटलं, सुटलं!

धान कापून झालं नाही. त्याआधीच एका सकाळी सर अंगणात दात घासता घासता खाली बसले आणि उठलेच नाहीत. पाळीवरचा मोहाचा डबा त्या दिवशी बंद होता. काकू नेटवरून फोन लावत राहिल्या, लागला नाही. त्या अनवाणी वसंताच्या दारी धावल्या. वसंतानं ट्रॅक्टर काढला, ट्रॉलीत धानाचं तणस, पेंढा टाकला, भावाचं डोकं मांडीवर घेऊन बसला आणि सिहोऱ्यापर्यंत ट्रॅक्टर चालवणाऱ्या आपल्या पोराला एकदाही ब्रेक लावू दिला नाही. तिथून गाडीनं तुमसर, तुमसरहून भंडारा. जीव वाचला. उजवं अंग गेलं, आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला असं नाही, पण लवकरही झालं नाही.

सर घरी आले त्याच दिवशी वसंतानं स्लॅबवर चढून डबा सुरू केला. कोणी सांगितलं नव्हतं. कुठला नियमही नव्हता.

मी भेटायला गेले ती थंडी सुरू होतानाची दुपार. सर खाटेवर उशीला टेकून. वाळलेले, दाढी वाढलेली, पण नजर तीच. मला पाहून डाव्या हाताची बोटं हलली. काहीतरी करायचं म्हणून मी फोन काढला आणि त्यांना नेटची वाट दाखवली, कुठल्या डब्यातून कुठे जातं ती. पाळीवरचा वळसा गेला होता. गाव, वसंताचं घर, टोली, सरांचं घर. सरळ रेघ. सर कितीतरी वेळ त्या रेघेकडे बघत राहिले आणि मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. काकूंनी पदरानं पुसलं. पुन्हा आलं.

वसंता पायथ्याशी बसून भावाचे पाय दाबत होता. तो रोज यायचा, काकू म्हणाल्या, शेतावर जायच्या आधी आणि आल्यावर. तो थोडा वेळ तसाच दाबत राहिला. मग एकदम पुढे सरकून सरांच्या तोंडाशी वाकला आणि म्हणाला, "दादा, आता तं मार ना गा हाक. वश्या. म्हण."

सरांनी ओठ जुळवले. जबडा एका बाजूला ओढला गेला. घशातून नुसता आवाज निघाला, त्याला ना आकार होता ना अक्षर. कपाळावर घाम आला. काकू भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. वसंतानं भावाचा हात दोन्ही हातांत धरला आणि घाईघाईनं म्हणाला, राहू दे दादा, आयकू आलं मले, आयकू आलं.

सरांनी मान हलवली. नाही. जन्मभर चुकीचं उत्तर त्यांनी बरोबर म्हणून कोणाला दिलं नव्हतं. आपण हाक मारलेली नाही, हे त्यांना ठाऊक होतं, आणि वसंताला ऐकू आलेली नाही, हेही. त्यांनी हात सोडवून घेतला, वसंताला जरा मागे सारलं, आणि पुन्हा ओठ जुळवले.

माझी शेवटची बस होती. मी काकूंना सांगून निघाले. दारातून वळून पाहिलं तेव्हा वसंता मान खाली घालून बसला होता, आणि सर तोंड उघडून पुन्हा तो एकच शब्द म्हणायला बघत होते. त्यानंतर सर मला दिसले नाहीत.